आइखेलबाखच्या बाईंचं गुडघाचित्र

आइखेलबाख, ३ ऑगस्ट १७८४

वन्संना सप्रेम नमस्कार,

तुमचे भाऊ गेल्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत नववर्षाच्या दोन ओळी सोडल्या तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, आणि तुम्हीही त्यावाचून झुरला नसणार. पण आता गोष्ट अशी आली आहे की ती पाद्रीबुवांना विचारायची सोय नाही, लेकाला विचारायची सोय नाही, आणि स्वयंपाकघरात विचारली तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

आधी चांगली बातमी. लोथारचं लग्न ठरलं. वाल्डश्टाइगच्या काउंटची मधली मुलगी, योसेफा. पोरगी गोड आहे. जेवते पोटभर, हसते कमी. पण त्या घरात कुणालाच हसायची सवय दिसत नाही. नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाआधीच्या मंगळवारी लग्न. मुलीकडची पंचवीस माणसं आपल्याकडेच उतरणार. म्हणजे जेवायला जाताना ती सगळी मोठ्या दालनातून जाणार आणि भिंतीवरचे झाडून सगळे आइखेलबाख बघणार. प्रत्येक बॅरन, आणि त्याच्या डाव्या हाताला त्याची बायको. फक्त तुमच्या भावाच्या डाव्या हाताला खिळा. अडतीस वर्षं मी त्या खिळ्याखालून ये-जा करते आहे.

लोथार म्हणाला, "आई, हे चालायचं नाही. माझ्या लग्नात माझी आई भिंतीवर हवी." मी म्हटलं, "अरे, मी जमिनीवर आहे ना, तेवढं पुष्कळ झालं." तोंडानं म्हटलं हो! मग भांडारघरात जाऊन, दार लावून, पिठाच्या पोत्यावर बसून रडले. वन्सं, मला त्यांच्या शेजारी लागायचं आहे. एवढी एकच हौस राहिली आहे.

घराच्या नियमाप्रमाणे भिंतीवर कुणाला लावायचं ते घरच्या रक्तातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाच्या सहीनं ठरतं, आणि ते माणूस आता तुम्ही. नियमाला सोळा कुलीन पूर्वज लागतात. सासूबाई माझ्या वेळी काय म्हणाल्या होत्या ते तुम्हाला आठवत असेलच. "हिचे पूर्वज शोधायचे तर बिअरच्या पिंपांत शोधावे लागतील." खोटं नव्हतं ते. वडील बिअर गाळणारे, आजोबा बिअर गाळणारे, आणि पणजोबा ती पिणारे. तरी विचारते. सही द्याल का? नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, म्हणजे मी उगाच नवा झगा शिवणार नाही.

आता ती विचारायची सोय नसलेली गोष्ट. लोथारनं वुर्त्सबुर्गहून फाइट गायगर नावाचा चित्रकार ठरवला आहे. त्याचं पत्र माझ्या हाती लागलं. त्यात धडधडीत लिहिलंय, "बॅरनबाईंचं गुडघाचित्र करायचं ठरलं, त्याप्रमाणे सप्टेंबरात हजर होतो." गुडघाचित्र! अहो, एकसष्ट वर्षांच्या बाईचा गुडघा! तुमचे भाऊ सोडले तर पृथ्वीच्या पाठीवर कुणाच्या दृष्टीला पडला नाही तो. आमच्या गल्लीत कुणी कुणाची चित्रं काढत नव्हतं, तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नाही. थोरामोठ्यांत असं असतं का हो? तुम्ही सांगाल ते खरं.

तुमची भावजय,
अपोलोनिया


लिओबा मठ, १२ ऑगस्ट

वहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र दुपारच्या प्रार्थनेनंतर वाचलं. इथं आम्ही बाराजणी, सगळ्या थोर घराण्यांतल्या, सगळ्या बिनलग्नाच्या आणि सगळ्या एकमेकींच्या सासवा. त्यामुळे हसू आलंच तर ते रुमालात धरावं लागतं. आज रुमाल पुरला नाही.

लोथारचं अभिनंदन. वाल्डश्टाइग म्हणजे घराणं हो! सोळाच काय, बत्तीस पूर्वज उभे करतील. चला, आमच्या घरात एकदाचं कुणीतरी शोभेलसं येतंय.

गुडघाचित्राचं म्हणाल, तर त्यात इतकं बिचकायचं काय? थोर घरांत ती रीतच आहे. आमच्या आईचं चित्र काय वेगळं आहे? तुम्ही म्हणाल, त्यात गुडघा कुठे दिसतो. अहो, तो चौकटीआड असतो. चित्र वाळलं की तेवढा भाग खाली दुमडून घेतात, पण काढावा लागतोच, कारण चित्रकार सगळ्या अंगाचं माप गुडघ्यावरून धरतो. तेव्हा चित्रकार आला की फार बोलू नका. खुर्चीत ताठ बसा, झगा एका बाजूनं वर घ्या आणि समोर बघा. कुलीन बाई लाजत नाही. लाजणं बाजारपेठेतल्या बायकांचं.

सहीचं म्हणाल, तर आधी चित्र होऊ दे, मग बघू. घराच्या नियमाचा मूळ कागद माझ्याकडे इथं पेटीत आहे. तोही वाचावा लागेल.

सिडोनी


आइखेलबाख, २७ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आलं आणि जिवात जीव आला. नाहीतर मी त्या चित्रकाराला फाटकातूनच हाकलणार होते, आणि सगळ्या फ्रांकोनियात आपली शोभा झाली असती.

तुम्हाला एक सांगते, रागावू नका. अडतीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच काही शिकवलंत. मी नवी नवरी असताना जेवणाच्या टेबलावर चुकीचा काटा उचलला की तुम्ही आणि सासूबाई माझ्याकडे बघत बसायचात. कुठला उचलायचा ते दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही. म्हणून हे पत्र मी चारदा वाचलं. "खुर्चीत ताठ बसा, झगा एका बाजूनं वर घ्या, समोर बघा." तोंडपाठ झालंय. तुम्हाला ठाऊक आहे का, मला किती बरं वाटलं!

तयारी जोरात आहे. निळ्या लोकरीचे नवे मोजे विणले, वर पांढरी किनार. आरशासमोर तीनदा सराव केला. दोन वेळा तोंड लालबुंद झालं, तिसऱ्यांदा जमलं. आता प्रश्न एवढाच, कुठला गुडघा? उजवा दिसायला बरा. डाव्यावर मी नऊ वर्षांची असताना वडिलांच्या तळघराच्या पायऱ्यांवरून पडले होते, त्याची खूण आहे. तुमच्या भावाचं मत डाव्याला होतं. म्हणायचे, "उजवा कुणाचाही असेल, डावा माझ्या लोनीचाच." पण ते नवऱ्याचं मत, आणि तुम्ही सांगता तशी गोष्ट घराण्याची आहे. तर लवकर कळवा. गायगर सहा तारखेला येतोय.

सोबत प्लमचा केक पाठवते आहे. तुम्हाला आवडतो असं ते सांगायचे. मठातल्या अकराजणींना दाखवू नका, एकटीनं खा.

तुमचीच,
अपोलोनिया


लिओबा मठ, ४ सप्टेंबर, घोडेस्वाराच्या हाती

वहिनी,

थांबा! झगा वर घेऊ नका! उजवा नाही आणि डावाही नाही!

मी तुमची थट्टा केली. गुडघाचित्र म्हणजे डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचं चित्र, दोन्ही हातांसकट. छातीपर्यंतचं असतं ते लहान, हे मोठं. गुडघा दाखवायचा नसतो, तिथं चित्र संपतं! कुठल्याही चित्रकाराला, कुठल्याही शिंप्याला हे ठाऊक असतं. मला वाटलं, तुम्ही लोथारला विचाराल, तो हसेल, आणि तुम्ही मला चार शिव्या देऊन मोकळ्या व्हाल. तुम्ही मोजे विणाल असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

केक खाल्ला नाही.

देवा, हा घोडेस्वार सहा तारखेच्या आत पोचू दे.

सिडोनी


आइखेलबाख, ९ सप्टेंबर

कुमारी सिडोनी फॉन आइखेलबाख यांस,

आपलं पत्र आठ तारखेला मिळालं. घोडेस्वाराचा घोडा वाटेत लंगडला, त्यात त्या जनावराचा दोष नाही.

चित्रकार ठरल्याप्रमाणे सहा तारखेला आले होते. मीही ठरल्याप्रमाणे ताठ बसले होते.

आपल्या सहीची आता गरज नाही. चित्र पुरं झालं की मी ते कोठारात ठेवीन.

अपोलोनिया, पिंपातली


लिओबा मठ, २१ सप्टेंबर

वहिनी,

चार दिवस मी हे पत्र लिहिते आणि फाडते आहे. आमच्या मठाधिकारी बाई विचारतात, "सिडोनी, इतका कागद कुठे जातो?" आता जे येईल ते लिहिते. वाचा, मग जाळा.

थट्टेची क्षमा मागते, पण ती लहान गोष्ट. मोठी वेगळीच आहे आणि ती मी अडतीस वर्षं पोटात ठेवली आहे.

दालनात दाराशेजारी घराच्या नियमाचा जो कागद चौकटीत लावलाय, तो मूळ कागद नाही. ती नक्कल आहे, आणि ती मी केली आहे. तुमच्या लग्नाला महिना राहिला होता. आईनं मला खोलीत बोलावलं, जुना कागद पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "अक्षर पुसट झालंय, स्वच्छ उतरवून काढ." मी उतरवत गेले. सोळा पूर्वजांच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "इथं कुलीन लिही." मी म्हटलं, "आई, इथं तर अब्रूदार लिहिलंय." ती म्हणाली, "मला वाचता येतं. कुलीन लिही."

अब्रूदार, वहिनी! "सोळा अब्रूदार पूर्वज." आपल्या मूळपुरुषाला एवढंच हवं होतं की सून फाशी देणाऱ्याच्या किंवा मेलेली जनावरं सोलणाऱ्याच्या घरातली नसावी. बाकी कुणीही चालेल. सुतार चालेल, शिंपी चालेल. बिअर गाळणारा तर चालेलच, कारण कागदाच्या शेवटी मूळपुरुषानं सही केलीय तिथं बिअरच्या मगाच्या बुडाचा गोल डाग आहे.

तुम्ही म्हणाल, आईचं ऐकलं, त्यात तुझा काय दोष? दोष आहे. मी चोवीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. मी ते आनंदानं लिहिलं. तुम्ही येण्याआधी माझा भाऊ काझिमिर फक्त माझा होता. तळ्यावर मासे धरायला मला न्यायचा, जेवताना माझ्याशी हसायचा. तुम्ही आलात आणि तो तुमच्याशी हसायला लागला. त्याच वर्षी मला इथं पाठवलं. मला वाटलं, तुम्ही मला घरातून काढलंत. तुम्ही काढलं नव्हतं, हे मला चाळिशीत कळलं. पण तोवर वाकडं बोलायची जिभेला सवय लागली होती, आणि ती सवय मोडायची म्हणजे आधी हे सांगायला हवं होतं.

आई गेली तेव्हा सांगता आलं असतं. काझिमिर गेला तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. त्याच्या शेजारी रिकामा खिळा बघत तो गेला, त्याला मी कारण आहे.

सोबत मूळ कागद पाठवते आहे. माझी सहीही आहे, मठाच्या शिक्क्यासकट. मागच्या बाजूला तुमचे सोळा पूर्वज लिहायला जागा सोडली आहे. तुम्ही भिंतीवर लागा किंवा कोठारात, ते तुमच्या मनावर. पण तुमचा हक्क पहिल्या दिवसापासून होता, हे तुमच्या हातात असू दे.

सिडोनी


आइखेलबाख, १० ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र एक आठवडा पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. रोज सकाळी डबा उचलायचा, वाचायचं, "जळलं मेलं लक्षण" म्हणायचं आणि पुन्हा डबा आपटायचा. आचारीण घाबरून गेली. अहो, मला राग कशाचा आला सांगू? त्या दालनातून जाताना मी तो कागद हजारदा वाचलाय. आणि मनात म्हणायचे, "कुणाचं का असेना, पण हे 'कुलीन' किती झोकात लिहिलंय!" तुमच्या अक्षराचं कौतुक करत होते मी, वेडी!

आठव्या दिवशी राग संपला. थट्टेचा होता तो कुठे गेला ते सांगते. त्यासाठी सहा तारखेचं सगळं सांगायला हवं.

गायगर म्हणजे चाळिशीचा, बारीक, अति सभ्य माणूस. लोथारनं ओळख करून दिली. मी आधीच खुर्चीत बसले होते. तपकिरी रेशमी झगा, मोत्यांची माळ, तोंडानं चकार शब्द नाही. तुमचीच आज्ञा! त्यानं रंग मांडले, कुंचला उचलला, लवून म्हणाला, "बाईसाहेब, सुरू करू या?" मी समोर बघितलं, दीर्घ श्वास घेतला आणि घेतला झगा वर. डावा! तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा म्हटलं, तुमच्या भावाचं ऐकावं.

गायगर पुढे आला. वाकला. माझ्या गुडघ्याकडे गंभीरपणे बघितलं आणि म्हणाला, "फार दुखतो का? माझ्या आईचा असाच होता. हंसाची चरबी चोळायची आणि वरून ऊन फडकं."

मी म्हटलं, "दुखत नाही. काढा."

तो म्हणाला, "काय काढू?"

"हाच!"

"मोजा काढू?"

"अहो, मोजा कसला काढता! गुडघा काढा! गुडघाचित्राला आलात ना?"

त्या माणसाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मागे धप्प आवाज झाला. बघते तर लोथार जमिनीवर. पोट धरून लोळतोय, अठ्ठावीस वर्षांचा घोडा! मी आधी चिडले. झगा खाली ओढला आणि म्हटलं, "यात दात काढण्यासारखं काय आहे?" गायगरनं अगदी हळू आवाजात, जमिनीकडे बघत, गुडघाचित्र म्हणजे काय ते सांगितलं. मी आधी तुमचं पत्र आठवलं. मग ते तीनदा केलेले आरशासमोरचे सराव आठवले. आणि मग मला कसं कोण जाणे, हसू फुटलं. असं फुटलं की थांबेचना. दोन्ही हातांनी पोट धरलं तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी, तोंड सताड उघडं, पुढचा दात पडलाय ती खिंड सगळ्या जगाला दिसत होती. तुमचे भाऊ गेल्यापासून मी हसलेच नव्हते हो. सहा वर्षांचं साचलेलं त्या दुपारी बाहेर पडलं.

आणि तो सभ्य मनुष्य एकाएकी ओरडला, "हलू नका! बाईसाहेब, आहे तसंच राहा!"

तसंच काढलंय त्यानं. पंधरा दिवस रोज यायचा, आणि मी गंभीर झाले की म्हणायचा, "हंसाची चरबी आणू का?" की झालं, मी पुन्हा सुरू. चित्र आता पुरं झालंय. दोन्ही हात पोटावर, तोंड उघडं, दाताची खिंड आहे तिथंच. तो म्हणाला होता, "दात भरून काढतो." मी म्हटलं, "नाही. माझ्या नवऱ्यानं मला ओळखलं पाहिजे." बाकीचे सगळे आइखेलबाख भिंतीवर आंबवलेली काकडी खाल्ल्यासारखे उभे आहेत, आणि मी ही अशी. पाद्रीबुवा म्हणाले, "बॅरनबाई, हे शोभेल का?" मी म्हटलं, "शोभणार नाही, पण खरं आहे."

तर आता विचार करा. तुम्ही ती थट्टा केली नसतीत, तर गायगरनं माझं आणखी एक काकडीचं चित्र काढलं असतं. त्यावर मी रागावून किती दिवस राहणार?

कागदाचं मात्र वेगळं. ते दुखलं आणि अजून दुखतं. लपवत नाही. पण चोवीस वर्षांच्या पोरीला घरातून काढून मठात पाठवलं, तेव्हा मी त्याच घरात होते आणि मीही तोंड उघडलं नाही. मला वाटायचं, बरं झालं, एक नाक मुरडणारी कमी झाली. मी तरी कुठली साधी!

कागदाच्या पाठीमागे सोळा नावं लिहिली. चौदा बिअरवाले, एक पिंपं बांधणारा, एक सराईवाली. चित्र अजून लावलेलं नाही. कागदानं आणि शिक्क्यानं मला लागायचं नाही. घरच्या लेकीच्या हातानं लागायचं आहे. तुम्ही लग्नाला या आणि तुमच्या हातानं लावा. नाहीतर ते खुर्चीवर उभं राहील आणि पाहुण्यांना मी सांगेन, नणंदेची वाट बघतेय.

अपोलोनिया


लिओबा मठ, २२ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र वाचताना मी जेवणघरात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं हसले. मठाधिकारी बाईंनी मला सबंध आठवडा एकटीनं जेवायची शिक्षा दिली आहे. इतकं निवांत जेवण अडतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

पण मी यायची नाही. राग मानू नका. भाऊ गेला, आई गेली. आता त्या घरात कुठल्या तोंडानं उभी राहू? दालनात ती नक्कल आहे, माझ्याच हातची. तिच्याखालून चालत जायचं धैर्य मला नाही. लोथारला आशीर्वाद. त्याच्याच हातानं चित्र लावून घ्या.

सिडोनी


आइखेलबाख, १ नोव्हेंबर

वन्सं,

नक्कल काढली. चुलीत घातली, तिच्यावर कार्प मासा तळला आणि सगळ्यांनी मिळून खाल्ला.

भाऊ गेला म्हणून घर परकं झालं का? मी अजून बसलेय ना?

हे पत्र आणणारी गाडी फाटकात उभी आहे. आत मेंढ्याचं कातडं आहे, ऊन विटा आहेत आणि प्लमचा केक आहे. गाडीवानाला सांगितलंय, बाई बसल्याशिवाय हलायचं नाही, बर्फ पडलं तरी. त्याला पाच मुलं आहेत. त्याच्याकडे बघून तरी या.

अपोलोनिया


लिओबा मठ, २४ नोव्हेंबर

लाडक्या वहिनी,

काल सुखरूप पोचले. गाडीवानाबरोबर जो केक दिलात तो या खेपेला अकराजणींना वाटला. बाराही सासवा खूश आहेत, हे या मठाच्या इतिहासात पहिल्यांदा झालं असेल.

हे पत्र आभाराचं नाही. आभार मानायला लागले तर कागद पुरायचा नाही, आणि तुम्ही म्हणाल, वन्सं, नाटकं पुरे. एक गोष्ट सांगायची राहिली म्हणून लिहिते. लग्नाच्या दिवशी ती तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही सतत स्वयंपाकघरात, आणि तुम्ही बाहेर आलात की मला रडू यायचं.

सकाळी मी शिडीवर चढून चित्र लावलं, ते तुम्ही बघितलंत. लोथारनं शिडी धरली होती आणि तुम्ही खालून ओरडत होतात, "डावीकडे! आणखी डावीकडे! त्यांच्या खांद्याला खांदा लागू दे!" चर्चमधून सगळे परतले तेव्हा तुम्ही हंस भाजले की नाही ते बघायला आत गेलात. त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक नाही.

वाल्डश्टाइगची माणसं दालनात शिरली. पुढे त्यांच्या थोरल्या काउंटेस बाई, योसेफाची आजी, ब्याऐंशी वर्षांची, हातात दांडीची भिंगं. एकेका चित्रापुढे थांबायची, भिंगं लावायची, "हं" म्हणायची. मूळपुरुषापुढे "हं". आमच्या आईपुढे "हं". काझिमिरपुढे जरा लांब "हंऽ". मग तुमच्यापुढे आली. भिंगं लावली. आणि "हं" आलंच नाही.

खूप वेळ ती बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारीला भोवळ आली, धरायला धावले. तर ती हसत होती हो! आधी नाकातून, मग तोंडातून. तिलाही पुढचा दात नाही! तिला बघून तिचा मुलगा, मग सून, मग ते पंचवीसच्या पंचवीस. योसेफा लोथारच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. त्या दालनात मी लहानाची मोठी झाले, पण तिथं एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. कुणालाच कळत नव्हतं आपण का हसतोय. नुसतं तुमच्याकडे बघत होते आणि हसत होते.

थोडी शांत झाल्यावर म्हातारीनं माझा दंड धरला. "नवऱ्यामुलाची आई ना ही? माहेरच्या कोण?"

मी म्हटलं, "बिअर गाळणाऱ्यांच्या. सोळाच्या सोळा अब्रूदार."

ती जरा थबकली. भिंगं खाली केली आणि म्हणाली, "असं? मग तुमच्यासारख्यांच्या घरात ही कशी?"

काउंट जमिनीकडे बघायला लागला. लोथार पुढे व्हायला निघाला, त्याला मी हातानं थांबवलं. हे उत्तर द्यायचं काम अडतीस वर्षं माझ्याकडे राहिलं होतं.

मी म्हटलं, "बाईसाहेब, ती माझ्या घरात नाही. मीच तिच्या घरात आहे. माझं माहेर आहे ते."

तुमची,
सिडोनी